घरच्या घरी हातघंटांवर चेंज रिंगिंग: दोघांच्या चार घंटांपासून तिघांच्या सहा घंटांपर्यंत

इंग्लंडमध्ये रविवारी सकाळी चर्चच्या मनोऱ्यातून जो घंटानाद ऐकू येतो, त्यात गाण्याची चाल नसते. सहा-आठ घंटा आधी सर्वांत बारीक स्वरापासून सर्वांत जाड स्वरापर्यंत ओळीने वाजतात, मग त्यांचा क्रम बदलू लागतो आणि प्रत्येक ओळीला नवा क्रम ऐकू येतो. याला चेंज रिंगिंग म्हणतात. सतराव्या शतकापासून तिथे ते चालत आलं आहे. मनोऱ्यातली घंटा वजनाला काही क्विंटल भरते आणि दोराने पूर्ण वर्तुळात फिरते. तिची वेळ थोडी लांबवता येते किंवा थोडी अलीकडे आणता येते, त्याहून जास्त नाही. म्हणून एका ओळीतून पुढच्या ओळीत जाताना कोणतीही घंटा फार तर एक जागा सरकते. सगळी कला या एका बंधनावर उभी आहे. हेच काम बसल्या जागी, हातात मावणाऱ्या घंटांवर करता यावं म्हणून रिंगर मंडळी घरी हातघंटा वाजवू लागली. मनोऱ्यात एका माणसाकडे एक घंटा असते, घरी मात्र प्रत्येकाच्या दोन्ही हातांत एकेक. त्यामुळे दोन माणसांत चार घंटा होतात आणि तिघांत सहा.

सात स्वरांचे वेगवेगळे क्रम किती होतात याचा हिशोब आपल्याकडे तेराव्या शतकातच मांडलेला आहे. देवगिरीच्या यादव दरबारातल्या शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकरा’त कूटतानांचा, म्हणजे उलटसुलट क्रमाच्या तानांचा, प्रस्तार सांगितला, म्हणजे ते सगळे क्रम मांडण्याची रीत. सात स्वरांच्या अशा ताना ५०४० होतात. ख्यालातला मेरुखंड, म्हणजे स्वरांचे क्रम बदलत जाण्याची पद्धत, याच घरातला. तिकडे नॉरिचच्या सेंट पीटर मॅनक्रॉफ्ट चर्चमध्ये २ मे १७१५ रोजी रिंगर लोकांनी सात घंटांचे तेच ५०४० क्रम, एकही दोनदा न घेता, सलग वाजवले. पहिला खरा ‘पील’, म्हणजे हजारो बदलांचं सलग वादन, म्हणून त्याची नोंद आहे. संख्या एकच असली तरी वाट वेगळी. प्रस्तारात लागोपाठच्या दोन तानांमध्ये स्वर लांब उडी मारू शकतो, घंटेला मात्र शेजारच्याच जागेत जावं लागतं. इंग्रजी घंटांचे संच आपल्याकडेही आले होते. १८९० च्या चहाच्या ग्रामण्यामुळे मराठी माणसाला नावाने ठाऊक असलेल्या पुण्याच्या पंचहौदला, तिथल्या चर्चच्या मनोऱ्यात, आठ घंटा आहेत.

आता कामाला लागू. पुढे जे सांगते आहे त्यामागे माझं एक पक्कं मत आहे: हातघंटा शिकणाऱ्याने आकड्यांच्या ओळी पाठ करत बसू नये, आपल्या दोन हातांमधलं अंतर ओळखायला शिकावं. ओळी पाठ करणारा माणूस एक आकडा चुकला की संपतो. अंतर ओळखणारा चुकूनही पुढच्या ओळीत परत सापडतो.

घंटा कुठून आणायच्या

चार घंटा मिळाल्या तरी सुरुवात होते, सहा मिळाल्या तर उत्तम. सहा घंटांचे स्वर वरून खाली ध प म ग रे सा, सगळे शुद्ध. सर्वांत बारीक घंटेचा नंबर १, तिला ट्रेबल म्हणतात. सर्वांत मोठी ६, ती टेनर. इंग्लंडमध्ये राहत असाल तर विकत घेण्याची घाई करू नका. नवा संच महाग पडतो आणि पुष्कळ चर्चच्या रिंगर मंडळींकडे कपाटात एक जुना संच पडून असतो. तिथल्या टॉवर कॅप्टनला, म्हणजे त्या मंडळींच्या प्रमुखाला, जाऊन विचारा. शिकायची इच्छा असलेला माणूस दारात आला याचाच त्यांना आनंद होतो.

देवघरातल्या घंटा इथे चालत नाहीत. त्यांचा लोलक चहूबाजूंनी हलतो आणि स्वरही एकमेकांशी जुळवलेले नसतात. इंग्रजी हातघंटेचा लोलक फक्त पुढे-मागे, एकाच रेषेत हलतो आणि त्याला स्प्रिंग असते, त्यामुळे एका झटक्याला एकच टोला पडतो. मूठ चामड्याच्या पट्ट्याची असते. हाताला येताच आधी लोलक कोणत्या दिशेने हलतो ते बघा आणि ती दिशा तुमच्या समोर-मागे येईल अशी घंटा धरा. ती तिरकी धरली की टोला कधी पडतो, कधी पडत नाही. धातूच्या भागाला बोटं लावू नका, घामाचे डाग पडतात. वाजवून झाल्यावर मऊ कोरड्या फडक्याने पुसा, आणि पॉलिश कधी केलंच तर ते चामड्याला लागू देऊ नका.

भारतात असाल आणि घंटा मिळत नसतील तर दोन वाटा आहेत. एक, जलतरंगाचे सहा वाडगे ध ते सा असे लावून घ्या. मनगटाचा सराव त्यात होत नाही, पण कान तयार होतो. दुसरी, ‘रिंगिंग रूम’ ही मोफत वेबसाइट. महासाथीच्या काळात, २०२० मध्ये, मनोरे बंद पडले तेव्हा ती सुरू झाली. वेगवेगळ्या शहरांतली माणसं तिथे एका खोलीत जमतात, उजव्या हाताची घंटा ‘जे’ कळीवर आणि डाव्या हाताची ‘एफ’ कळीवर. माणसं कमी पडली तर ‘व्हीटली’ नावाचा संगणकी रिंगर उरलेल्या घंटा वाजवतो. पुण्यातली बहीण, बंगळुरूतला भाऊ आणि लंडनमधली मावशी असा संच यात सहज जमतो.

बैठक आणि हात

हात नसलेल्या तीन खुर्च्या घ्या आणि गुडघे जवळजवळ लागतील इतक्या जवळ गोलात मांडा. टेबल मध्ये नको. लहान नंबरची घंटा उजव्या हातात, मोठ्या नंबरची डाव्या. म्हणजे पहिल्याकडे १-२, त्याच्या डावीकडे बसलेल्याकडे ३-४, त्याच्या डावीकडे ५-६. असं बसलं की राउंड्स, म्हणजे १ २ ३ ४ ५ ६ हा मूळ क्रम, घड्याळाच्या काट्याच्या दिशेने गोल फिरतो आणि कानाबरोबर डोळ्यालाही दिसतो.

टोले दोन प्रकारचे. घंटा मांडीपाशी खाली असताना मनगटाच्या झटक्याने वर उचलून मारलेला टोला म्हणजे हँडस्ट्रोक. घंटा वरच थांबते. तिथून खाली आणताना मारलेला टोला बॅकस्ट्रोक. एक ओळ सगळ्यांची वर, पुढची ओळ सगळ्यांची खाली. ही वर-खाली हालचाल कधीही मोडायची नाही, कारण आपण विषम ओळीत आहोत की सम ओळीत हे तीच सांगते. खांदा हलवू नका, कोपर अंगाजवळ ठेवा, झटका मनगटातून द्या. टोला पडल्यावर घंटा गुंजू द्या. गाणी वाजवणारे ती अंगाला लावून गप्प करतात, आपल्याला त्याची गरज नाही.

आता राउंड्स. वरची ओळ, खालची ओळ, आणि मग एका टोल्याएवढी मोकळी जागा:

१ २ ३ ४ ५ ६ १ २ ३ ४ ५ ६ –

ही मोकळी जागा दोन ओळींनी एकदा, बॅकस्ट्रोकच्या ओळीनंतर येते. तबल्याची सवय असलेल्या माणसाला ती लगेच समजते: तेरा मात्रांचं आवर्तन, तेरावी मात्रा रिकामी. नवशिक्या संचात सर्वांत आधी हीच मात्रा गळते. ट्रेबलवाला घाई करतो, टेनरवाला मागे राहतो. मोठ्या घंटेचा लोलक जड असतो, टोला पडायला क्षणभर जास्त लागतो, म्हणून ५-६ वाल्याने झटका किंचित आधी द्यावा. पहिल्या बैठकीत एवढंच करा. सगळ्यांनी डोळे मिटून राउंड्स वाजवायच्या आणि बारा टोल्यांमधलं अंतर सारखं येतंय का ते ऐकायचं. कंटाळवाणं वाटेल, पण ज्या घरात हे नीट होतं तिथे पुढचं सगळं लवकर होतं.

सुरुवातीची आरोळी मनोऱ्यातलीच ठेवावी. ट्रेबलवाला म्हणतो, “लुक टू!” सगळे तयार होतात. “ट्रेबल्स गोइंग,” आणि घंटा उचलताना, “शीज गॉन.” राउंड्स जमल्या की “गो” म्हटल्यावर पुढच्या हँडस्ट्रोकपासून बदल सुरू. बदल संपून परत राउंड्स आल्या की “दॅट्स ऑल,” आणि थांबायचं तेव्हा “स्टँड.”

दोघांत चार घंटा

तिसरा माणूस घरी असला तरी चार घंटांपासूनच सुरुवात करा. नियम असा: ‘प्लेन हंट’मध्ये प्रत्येक घंटा एकेक जागा सरकत मागे जाते, शेवटच्या जागेवर दोनदा वाजते, तशीच पुढे येते आणि पहिल्या जागेवर दोनदा वाजते.

१ २ ३ ४
२ १ ४ ३
२ ४ १ ३
४ २ ३ १
४ ३ २ १
३ ४ १ २
३ १ ४ २
१ ३ २ ४
१ २ ३ ४

कागदावर ही जाळी बघितली की माणूस एका घंटेचा माग बोटाने काढतो, आणि मनोऱ्यात ते बरोबरच असतं. इथे मात्र दोन घंटांचा माग एकाच वेळी काढायचा आहे. तो वेगवेगळा काढायला गेलात तर मेंदू थकतो. म्हणून १-२ वाल्याने फक्त आपल्या जोडीच्या जागा बघाव्यात, उजवी आधी लिहून: १-२, २-१, ३-१, ४-२, ४-३, ३-४, २-४, १-३, १-२. यात दोन गोष्टी दिसतात. पहिली: पहिल्या राउंड्सनंतरच्या चार ओळी डावा हात आधी वाजतो, पुढच्या चार ओळी उजवा आधी. दुसरी: हातांमधलं अंतर ‘शेजारी, शेजारी, मध्ये एक, मध्ये एक’ असं फिरत राहतं. आता ३-४ वाल्याच्या जागा काढा: ३-४, ४-३, ४-२, ३-१, २-१, १-२, १-३, २-४, ३-४. त्याचंही अगदी तसंच, चार ओळी डावा आधी, चार ओळी उजवा आधी, आणि तेही समोरच्याच्या बरोबरीने. समोर बसलेल्याचा डावा हात आधी गेला आणि तुमचा उजवा, तर दोघांपैकी एक चुकलाय हे त्याच क्षणी कळतं.

हे आठ बदल बसले की त्यात एकच वळण घाला. १ ३ २ ४ नंतर राउंड्सला न जाता १ ३ ४ २ वाजवा: पहिल्या दोन जागा तशाच, मागच्या दोघींची अदलाबदल. तिथून पुन्हा तसंच हंट करत चला. ट्रेबल परत पुढे येईल तेव्हा पुन्हा हेच वळण, ओळ येईल १ ४ २ ३. तिसऱ्यांदा वळण घेतलं की राउंड्स. चोवीस बदल झाले आणि चार घंटांचे सगळे चोवीस क्रम एकदाही न दुणावता संपले. क्रम बदलण्याच्या अशा ठरलेल्या रीतीला मेथड म्हणतात, आणि या मेथडचं नाव प्लेन बॉब मिनिमस. जेमतेम मिनिटभराचं काम, पण घरातल्या दोन माणसांनी हे पुरं केलं की पुढे न जाणारे मी फार कमी पाहिलेत.

तिघांत सहा घंटा

सहा घंटांचा प्लेन हंट बारा ओळींचा. इथे जोडीजोडीचा स्वभाव वेगळा होतो, आणि मला या कलेत सर्वांत सुंदर वाटतो तो हाच भाग.

१-२ वाल्याच्या जागा: १-२, २-१, ३-१, ४-२, ५-३, ६-४, ६-५, ५-६, ४-६, ३-५, २-४, १-३, आणि परत १-२. म्हणजे एका टोकाला दोन ओळी शेजारी, मग चार ओळी मध्ये एक घंटा, दुसऱ्या टोकाला पुन्हा दोन ओळी शेजारी. एक घंटा दुसरीच्या मागोमाग चालते. याला ‘कोर्सिंग’ म्हणतात. ५-६ वाल्याचंही असंच, फक्त तो मागच्या टोकापासून निघतो: ६-५, ६-४, ५-३, ४-२, ३-१, २-१, १-२ आणि पुढे.

३-४ वाल्याचं गणितच निराळं. त्याच्या जागा: ३-४, ४-३, ५-२, ६-१, ६-१, ५-२, ४-३, ३-४, २-५, १-६, १-६, २-५, ३-४. दोन्ही जागांची बेरीज करून बघा, प्रत्येक ओळीत सात. एक हात जितका मागे सरकतो तितकाच दुसरा पुढे येतो, मधोमध ओलांडतात, टोकांना पोहोचतात, परत येतात. त्याला दोन जागा लक्षात ठेवायची गरजच नाही. एक कळली की दुसरी सातातून वजा करून मिळते. हात दोन टोकांना असताना, ६-१ आणि १-६ च्या ओळींत, तो अख्खी ओळ उघडतो आणि मिटतो. तिथे त्याची लय पक्की असेल तर बाकी दोघं निर्धास्त वाजवतात. आणि तिघांनाही लागू पडणारी खूण इथेही आहे: सहा ओळी डावा हात आधी, सहा ओळी उजवा आधी, तिघांचेही एकाच वेळी बदलतात.

घंटा हातात घेण्याआधी हे सोंगट्यांवर करा. कागदाच्या पट्टीवर सहा घरं आखा, आपल्या जोडीच्या दोन सोंगट्या किंवा नाणी ठेवा आणि जागा मोठ्याने म्हणत सरकवा. तिघांनी तीन पट्ट्या घेऊन एका लयीत केलं तर फारच छान. एकाच घरावर दोघांची सोंगटी आली की चूक तिथेच उघडी पडते. घरात लहान मुलं असतील तर फरशीवर खडूने सहा घरं काढून सहा जणांना चालायला लावा. आपली जागा आली की आपला नंबर ओरडायचा. आजीसुद्धा यात सहज सामील होते. मात्र वाजवताना समोर कागद ठेवू नका. रिंगिंग तोंडपाठच करायचं असतं. कागदावर डोळे लागले की कान बंद होतात आणि मधलं अंतर हातून निसटतं.

वाजवायला बसलात की आधी नुसते हंटचे बारा बदल, मग थांबा. सलग दोनदा नीट आल्याशिवाय लांबवू नका. कुणी हरवलं तर ज्याला पूर्ण चित्र दिसतंय त्याने एकच शब्द बोलावा: “पुढे,” “शेवटी,” “शेजारी.” लांब सूचना देईपर्यंत दोन ओळी निघून जातात. हरवलेल्याने हात थांबवायचे नाहीत. वर-खाली चालू ठेवायचं आणि निदान डावा आधी की उजवा आधी एवढं सांभाळायचं. तेवढ्यावर पुष्कळदा गाडी रुळावर येते. दोघं हरवले तर मात्र “स्टँड.” विस्कटलेलं ओढत नेण्यात अर्थ नसतो, चुकीची लय कानात बसते.

प्लेन बॉब मायनर

हंट पक्का झाला की चार घंटांवर घेतलेलं वळण सहा घंटांवर आणायचं. ट्रेबल परत पहिल्या जागेवर येते तेव्हा ओळ असते १ ३ २ ५ ४ ६. राउंड्सऐवजी इथे १ ३ ५ २ ६ ४ वाजवा. म्हणजे ट्रेबल जागेवर, दुसऱ्या जागेवरची घंटा तिथेच थांबून परत पुढे जायला निघते, तिसऱ्या-चौथ्या जागेवरच्या दोघी आणि पाचव्या-सहाव्या जागेवरच्या दोघी आपापसात एक पाऊल मागे घेतात. या मागे घेतलेल्या पावलाला ‘डॉज’ म्हणतात. दर बारा बदलांनी हे वळण येतं, पाच वेळा आलं की ६० बदलांवर राउंड्स.

वळणानंतर जोड्यांचे संबंध बदलतात. १-२ वाल्याची ट्रेबल कायम साधा हंट करते, त्यामुळे त्याला निम्मं ओझं कमी, आणि ट्रेबल पुढे आली हे पहिल्यांदा त्यालाच कळतं. सुरुवातीला “आता!” हा इशारा त्यानेच द्यावा. ५-६ ही जोडी बहुतेक वेळ एकमेकींच्या मागोमागच राहते, म्हणून नवशिक्याला ती किंवा १-२ द्या. ३-४ वाल्याचं ‘बेरीज सात’ पहिल्या वळणापाशीच मोडतं आणि पुढे त्याला दर बारा बदलांनी नवं अंतर शिकावं लागतं. ही जागा घरातल्या सर्वांत शांत माणसाला द्यावी. सर्वांत हुशार माणसाला देण्याची गरज नसते.

साठ बदल सहज येऊ लागले की ‘बॉब’ नावाचा हुकूम घ्या. बॉब पुकारला की त्या वळणाला चौथ्या जागेवरची घंटा थांबते आणि दुसऱ्या-तिसऱ्या जागेवरच्या दोघी अदलाबदल करतात. ६० बदलांच्या शेवटी, जिथे राउंड्स यायच्या तिथेच बॉब पुकारा, ओळ येईल १ ४ २ ३ ५ ६. पुढच्या साठांच्या शेवटी पुन्हा, आणि त्याच्याही पुढच्या. १८० बदलांवर राउंड्स येतात. ५-६ वाल्याला यात काहीच वेगळं करावं लागत नाही, म्हणून पुकारा त्यानेच करावा. त्यानंतर सहा घंटांचे सगळे ७२० क्रम, ज्यासाठी बॉबबरोबर ‘सिंगल’ हा दुसरा हुकूम लागतो. हातघंटांवर त्याला साधारण पंधरा-वीस मिनिटं लागतात. १२५० पासून पुढे गेलात तर त्याला क्वार्टर पील म्हणतात. इंग्लंडमध्ये तिघांनी २००७ मध्ये सहा हातघंटांवर ७२,००० बदल सलग वाजवले आहेत, चोवीस तासांहून जास्त वेळ.

बैठका छोट्या आणि वरचेवर ठेवा. रात्री जेवणं झाल्यावर अर्धा तास हा आठवड्यातून एकदा तीन तास बसण्यापेक्षा कितीतरी चांगला. हातघंटांचा आवाज बंद दारातून फार बाहेर जात नाही, तरी शेजाऱ्यांना एकदा सांगून ठेवा. आणि ६० बदल ज्या दिवशी न अडखळता होतील, त्याच दिवशी जोड्या बदला: १-२ वाल्याने ३-४ घ्यावी, ३-४ वाल्याने ५-६, ५-६ वाल्याने १-२. तीच मेथड नव्या हातांनी पहिल्यापासून शिकावी लागते. तिन्ही खुर्च्यांवरून ती आली की मगच बॉबकडे वळा.